माणिक ६, गोमेद २: एका पुडीतल्या आठ खड्यांचं प्रकरण

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे जुने खडे घेऊन येणाऱ्यांची रीघ वाढते. घरात कार्य ठरलेलं असतं, लक्ष्मी रस्त्यावर सोन्याची खरेदी चालू असते आणि नव्या दागिन्यात आजीचा नाहीतर वडिलांचा एखादा खडा घालायचा असतो. तो आहे तरी काय, हे सोनाराच्या हाती देण्याआधी कळावं म्हणून लोक येतात. हे प्रकरण अशाच एका दुपारचं आहे. संबंधितांच्या परवानगीनं, नावं गाळून लिहिते आहे.

बहीण थोरली, साठीतली. भाऊ तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. वडील रविवार पेठेत खडे बसवायचं काम करायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना एका पितळी डबीत बटरपेपरची पुडी निघाली. पुडीवर शिसपेन्सिलीनं दोन ओळी: ‘माणिक ६, गोमेद २’. अक्षर वडिलांचंच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ताईंच्या मुलीचं लग्न माघात होतं. नथीला आणि कुड्यांना आजोबांचे खडे लावावेत, ही मुलीचीच इच्छा. भावाला गोमेदाची अंगठी करायची होती, ज्योतिषांनी सांगितलेली. दोन्ही गोमेद त्यांनी एका ठिकाणी तपासूनही आणले होते. त्या कार्डावर दोघांपुढे तोच शेरा होता: नैसर्गिक गोमेद, अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.७४. लाल खड्यांबद्दल मात्र दोन ठिकाणी दोन मतं मिळाली. एकानं सगळी माणकं म्हणून सांगितली. दुसऱ्यानं भिंगसुद्धा न लावता म्हटलं, “गार्नेट आहेत सगळी, लॉटमध्ये देऊन टाका.”

“मॅडम, बाबा चाळीस वर्षं हेच काम करत होते,” ताई म्हणाल्या. “ते माणिक लिहितील आणि माणिक नसेल, असं होईल का?”

होऊ शकतं, आणि त्यात त्यांच्या वडिलांच्या कसबाला काही उणेपणा येत नाही. पूर्वी पेढीवर लाल, पारदर्शक, बऱ्यापैकी कठीण खडा आला की त्याला माणिक म्हणायची पद्धत होती. तामडा म्हणजे गार्नेट वेगळा, लालडी वेगळी, हे जाणकारांना माहीत असायचं. पण पैलू पाडून पॉलिश झालेल्या लहान खड्यात तो फरक डोळ्याला दिसेलच असं नाही. लंडनच्या राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवला. तो निघाला लालडी, म्हणजे स्पिनेल.

खडे पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडले. लाल सहांना ल१ ते ल६ आणि नारिंगी दोघांना ग१, ग२ अशा खुणा केल्या. रंगावरून नाव ठरवायचं नसतं, पण रंग नोंदवायचा असतो. ल१ लालभडक, सगळ्यांत उजळ. ल२, ल३, ल४ हे तीन एकमेकांची भावंडं वाटावीत असे, कोकमाच्या आगळात पाणी घातल्यावर येते तशी जांभळट झाक असलेले. ल५ काळपट, उजेडासमोर धरला तरच लाल. ल६ साधा गडद लाल, जांभळा नाही की तपकिरीही नाही. ग१ काकवीच्या रंगाचा. ग२ त्याच्याहून तेजाळ, केशरी झेंडूकडे झुकणारा.

पहिला प्रश्न: माणिक कोण?

हा भाग लवकर उरकला. पोलॅरिस्कोपच्या, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं कंपत ठेवणाऱ्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्यांमध्ये खडा ठेवून फिरवला की माणिक उजळतं, मिटतं, पुन्हा उजळतं. एका फेरीत चार वेळा. कारण माणकात शिरलेला प्रकाशकिरण दोन किरणांत फुटतो, यालाच दुहेरी अपवर्तन म्हणतात. गार्नेटचे स्फटिक घनाकार प्रणालीतले, त्यात किरण एकच राहतो आणि खडा फिरवला तरी अंधारात राहतो. सहांपैकी फक्त ल१ स्वच्छ मिणमिणला. अपवर्तनांक मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्याची दोन वाचनं आली, १.७६२ आणि १.७७०. लांब लहरींच्या अतिनील दिव्याखाली तो निखाऱ्यासारखा पेटला. गार्नेटमधलं लोह ही चमक मारून टाकतं, म्हणून बाकीचे पाच खडे त्या दिव्याखाली काळेच राहिले.

भाऊ म्हणाले, “म्हणजे एक तरी खरं माणिक आहे!”

खनिज माणकाचंच होतं, पण ते जमिनीतून आलेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली आत वक्र रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि दोन-तीन वायूचे बुडबुडे. जमिनीत वाढलेल्या माणकाच्या वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात असतात. वक्र रेषा येतात त्या ज्वाळेत वितळवून थेंबाथेंबानं वाढवलेल्या माणकात. ऑग्युस्त व्हर्न्यूई यांनी १९०२ साली ही पद्धत जाहीर केली आणि पुढे असे खडे जगभरच्या पेठांत पसरले. जुन्या मराठी दागिन्यांत मला ते वारंवार भेटतात. ल१ चं नाव लिहिलं: कृत्रिम माणिक.

एक सावधगिरी सांगते. ल५ सुद्धा पोलॅरिस्कोपमध्ये थोडा चमकला होता. पण त्याची चमक पट्ट्यापट्ट्यांची, नागमोडी आणि अर्धवट होती. गार्नेटच्या आत ताण असला की असं दिसतं. केवळ एवढ्यावरून त्याला दुहेरी अपवर्तनाचा ठरवलं असतं तर पुढचं सगळं चुकलं असतं. दोन किरणांचे रंग शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या डायक्रोस्कोपच्या दोन चौकटींत तो एकाच रंगाचा दिसला आणि रिफ्रॅक्टोमीटरवर सावलीची कडा एकच राहिली. तो गार्नेटच होता.

वाडा एक, बिऱ्हाडं निराळी

उरले सात. “मग सगळी गार्नेटच, म्हणजे तो दुसरा दुकानदार बरोबर होता,” असं भावाला वाटलं. इथे मला थांबून समजावून सांगावं लागलं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

गार्नेट हे एका खनिजाचं नाव नाही, ते घराण्याचं नाव आहे. रचना सगळ्यांची सारखी: धातूंसाठी तीन मोठ्या जागा, दोन लहान जागा आणि त्यांना बांधून ठेवणारे तीन सिलिकेट गट. मोठ्या जागांत मॅग्नेशियम राहिलं, लहानांत ॲल्युमिनियम, तर तो पायरोप. मॅग्नेशियमच्या जागी लोह आलं की अल्मंडाईन, मँगनीज आलं की स्पेसर्टाईन, कॅल्शियम आलं की ग्रॉस्युलर. मोठ्या जागांत कॅल्शियम आणि लहान जागांत लोह असेल तर अँड्राडाईट, क्रोमियम असेल तर युव्हारोव्हाईट. जुन्या पुणेरी वाड्यासारखं आहे हे. खोल्या त्याच, बिऱ्हाडं वेगळी.

आणि खरी मेख पुढे आहे. बिऱ्हाडं मिसळून राहतात. मॅग्नेशियम, लोह आणि मँगनीज यांचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आकारानं इतके जवळचे की एकाच खड्यात ते हव्या त्या प्रमाणात शेजारी-शेजारी बसतात. कॅल्शियमचा आयन मोठा. त्याचं या तिघांशी मर्यादेतच जमतं. म्हणून निसर्गात शंभर टक्के शुद्ध पायरोप किंवा शुद्ध अल्मंडाईन असा रत्नाचा खडा हाती येत नाही. येतं ते मिश्रण. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेनं मान्य केलेल्या २०१३ च्या नामकरणात या घराण्यात ३२ प्रजाती धरल्या आहेत. रत्नांच्या व्यवहारात त्यांतल्या पाच-सहाच लागतात, पण त्यांच्यामधल्या सीमारेषा आपण आखलेल्या आहेत. खड्याच्या आत रेषा नसते.

मग मिश्रण ओळखायचं कसं? रासायनिक विश्लेषण न करताही दोन आकडे बरंच सांगतात. शुद्ध पायरोपचा अपवर्तनांक १.७१४, विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड ते) ३.५८. शुद्ध अल्मंडाईनचे १.८३० आणि ४.३२. मॅग्नेशियमच्या जागी लोह वाढत गेलं की दोन्ही आकडे जवळजवळ सरळ रेषेत चढतात. म्हणजे अपवर्तनांकावरून लोहाचा वाटा काढायचा, त्यावरून विशिष्ट गुरुत्व किती यायला हवं ते मांडायचं आणि तराजूवर प्रत्यक्ष किती येतं ते पाहायचं. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता तीच गोष्ट सांगत असतील तर तिच्यावर विश्वास ठेवायचा.

ल३ ची तपासणी मी दोघांसमोर केली, ती सविस्तर देते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर संपर्कद्रवाचा (खडा आणि काच यांच्यामध्ये हवा राहू न देणाऱ्या द्रवाचा) अगदी छोटा थेंब, त्यावर खड्याचा सपाट माथा, पिवळा एकरंगी प्रकाश. सावलीची कडा १.७५५ वर, खडा फिरवला तरी हलली नाही. गणित सोपं आहे: १.७५५ मधून १.७१४ वजा केले, उरले ०.०४१. पायरोप ते अल्मंडाईन हे पूर्ण अंतर ०.११६. भागाकार ०.३५. म्हणजे अल्मंडाईनचा वाटा सुमारे ३५ टक्के. यावरून अपेक्षित विशिष्ट गुरुत्व ३.८४.

आता तराजू. हवेत वजन १.८४६ कॅरट. तारेच्या पाळण्यात ठेवून पाण्यात बुडवल्यावर १.३६१. फरक ०.४८५, हवेतल्या वजनाला या फरकानं भागलं तर विशिष्ट गुरुत्व ३.८१. अपेक्षेपेक्षा कमी. ताई वाकून पाहत होत्या. त्यांनीच विचारलं, “खाली काहीतरी चिकटलंय का?” खरंच, खड्याच्या टोकाखाली मोहरीच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. तो खड्याला वर उचलून धरत होता. पाणी उकळून गार केलेलं होतं, तरीही. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला, ओल्या कुंचल्यानं बुडबुडा काढला आणि पुन्हा वजन केलं: १.३६५. फरक ०.४८१, विशिष्ट गुरुत्व ३.८४.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण याच जागी बहुतेक चुका होतात. माझा तराजू कॅरटचा हजारावा भाग दाखवतो. सोनाराच्या गल्ल्यावरचा तराजू बहुधा शंभरावा भाग दाखवतो. याच खड्यासाठी त्याच्यावर फरक ०.४७ दिसला असता तर उत्तर ३.९३ आलं असतं, ०.४९ दिसला असता तर ३.७७. एवढ्या फरकात गार्नेटचं नाव बदलतं. दोन कॅरटच्या खालच्या खड्याचं विशिष्ट गुरुत्व शंभराव्या भागाच्या तराजूवर काढून त्यावरून जात ठरवू नये. एकसारखे खडे असतील तर ते एकत्र तोलावेत. ल२ आणि ल४ चे अपवर्तनांक १.७५२ आणि १.७५८ आले. तिघं मिळून हवेत ५.१८८, पाण्यात ३.८३७. सरासरी ३.८४, ल३ च्या एकट्याच्या उत्तराला पुष्टी देणारी.

खड्यातून आलेला प्रकाश रंगांत उलगडून दाखवणाऱ्या, हाती धरायच्या वर्णपटदर्शकातून तिघांत पिवळ्या, हिरव्या आणि निळसर-हिरव्या भागांत तीन काळे पट्टे दिसले, ५७५, ५२७ आणि ५०५ नॅनोमीटरच्या आसपास. ही अल्मंडाईनमधल्या लोहाची सही. माणकाच्या वर्णपटाची ठेवण पूर्ण वेगळी असते.

दोन वाटे पायरोप, एक वाटा अल्मंडाईन आणि जांभळट गुलाबी रंग: या खड्याला १८९८ साली हिडन आणि प्रॅट यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या काउई खोऱ्यातल्या नमुन्यांवरून रोडोलाईट असं नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या गुलाबावरून. ते खनिजाचं स्वतंत्र नाव नाही, वाणाचं आहे. आपल्याकडे ओडिशातून असे खडे येतात. ताईंना मी म्हटलं, “ही माणकं नाहीत, पण निवडून घेतलेले खडे आहेत. तिघांचा रंग इतका जुळतो की बाबांनी ते एकत्र बसवायलाच जपून ठेवले असावेत.” त्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत.

ल५ चं काम सोपं होतं. अपवर्तनांक १.७९४, हवेत २.९०४, पाण्यात २.१९४, विशिष्ट गुरुत्व ४.०९. गणितही तेच सांगतं: अल्मंडाईन ६९ टक्के, अपेक्षा ४.०९. आत बारीक सुया, एकमेकींना ७० आणि ११० अंशांत छेदणाऱ्या. वर्णपटातले तिन्ही पट्टे जाड आणि ठसठशीत. बाजारातला तामडा तो हाच. राजस्थानातल्या टोंक-अजमेरच्या बाजूचं हे गार्नेट पिढ्यान् पिढ्या घासलं जात आलं आहे.

ल६ चं नाव काय लिहायचं?

खरा पेच ल६ नं टाकला. अपवर्तनांक १.७६८. हवेत २.२१५, पाण्यात १.६५०, विशिष्ट गुरुत्व ३.९२. दोन साक्षीदारांचं एकमत होतं: अल्मंडाईन सुमारे ४७ टक्के, पायरोप ५३.

खनिजशास्त्राचा नियम असा की जो घटक जास्त, त्याचं नाव. त्या हिशेबानं हा पायरोप. पण रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन तीन-हजारांश इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणजे खरा आकडा ४४ ते ४९ टक्क्यांत कुठेही असू शकतो. शिवाय मी धरलं आहे की यात दोनच घटक आहेत. समजा, दहा-पंधरा टक्के कॅल्शियमचं ग्रॉस्युलर आत लपलं असेल तर? मी आकडे मांडून पाहिले: ४५ टक्के अल्मंडाईन, ४० पायरोप, १५ ग्रॉस्युलर अशा मिश्रणाचा अपवर्तनांक १.७६९ येतो आणि विशिष्ट गुरुत्व ३.९१. माझ्या वाचनांपासून हे वेगळं ओळखताच येणार नाही. आणि त्या मिश्रणात तर अल्मंडाईन जास्त! म्हणजे ज्या आकड्यांवरून मी ‘पायरोप’ लिहिणार, त्याच आकड्यांचा खडा नियमानं अल्मंडाईनही असू शकतो.

अशा खड्याला बाजारात कुणी पायरोप म्हणून विकतं, कुणी अल्मंडाईन म्हणून, आणि जरा गुलाबी दिसला की कुणी रोडोलाईट म्हणून. मला यांतलं एकही नाव मान्य नव्हतं. १९८५ साली कॅरल स्टॉकटन आणि व्हिन्सेंट मॅन्सन यांनी रत्नगार्नेटांचे आठ प्रकार सुचवले, त्यांत ‘पायरोप-अल्मंडाईन’ हा प्रकार मुद्दाम ठेवला आणि त्याला १.७४२ ते १.७८५ इतकी जागा दिली. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते. मिश्रण आहे तर नावातही मिश्रण दिसू दे. ल२, ल३, ल४ सुद्धा याच प्रकारात बसतात. त्यांचा रंग जांभळट म्हणून पुढे रोडोलाईट हे वाणाचं नाव जोडता येतं. ल६ ला जांभळेपण नाही. म्हणून त्याच्या नोंदीत मी लिहिलं: गार्नेट, पायरोप-अल्मंडाईन, गडद लाल. भाऊ म्हणाले, “एकच नाव नाही का देता येणार?” मी नाही म्हटलं. जे मोजमापाला माहीत नाही ते कागदावर आलं की पुढचा माणूस त्याला सत्य धरून चालतो.

दोन गोमेद

संध्याकाळ होत आली होती आणि भावाचा जीव गोमेदात अडकला होता. दोघांपैकी त्यांना आवडलेला अर्थात ग२. तेज जास्त, रंग प्रसन्न.

गोमेद म्हणजे हेसोनाईट, कॅल्शियमच्या ग्रॉस्युलरचा पिवळसर ते तांबूस वाण. ग्रॉस्युलरचे शुद्ध आकडे १.७३४ आणि ३.५९; गोमेदात थोडं लोह शिरलेलं असतं, म्हणून अपवर्तनांक १.७४ च्या आसपास. श्रीलंकेचा गोमेद प्रसिद्ध आहे आणि ओडिशातूनही येतो. ग१ चा आकडा १.७४२. हवेत ४.२१२, पाण्यात ३.०५५, विशिष्ट गुरुत्व ३.६४. सगळं जिथल्या तिथे.

ग२ काचेवर ठेवला तर कडा १.७४ वर नव्हतीच. ती वर, संपर्कद्रवाच्या स्वतःच्या १.८१ च्या रेषेला जवळजवळ चिकटलेली होती. ही जागा फसवी असते. नजर घाईत असेल तर द्रवाची रेषा खड्याची वाटते, नाहीतर खड्याची कडा द्रवाची समजून सुटून जाते. दिवा कमी-जास्त करून, डोळा वर-खाली करून तीन वेळा वाचलं: १.७९७. हवेत ३.३८६, पाण्यात २.५७२, विशिष्ट गुरुत्व ४.१६. वर्णपटात जांभळा भाग ४३० नॅनोमीटरच्या खाली पुरता गिळलेला. हे मँगनीजचं काम. ग२ म्हणजे स्पेसर्टाईन.

कार्डावर दोघांपुढे १.७४ कसं आलं, हे त्या कार्डावरून कळत नव्हतं. ज्या दोन खड्यांच्या विशिष्ट गुरुत्वांत ०.५ हून जास्त फरक आहे, त्यांना एकच ओळ लिहिलेली होती एवढं खरं. मला याचा त्रास होतो. माणूस श्रद्धेनं खडा घेतो, तपासणीचे पैसे देतो आणि तो कागद जपून ठेवतो.

आकड्यांवर भावाचा विश्वास बसेना, तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी डोळ्यांनी दाखवल्या.

पहिली सूक्ष्मदर्शकात. ग१ च्या आत नजर टाकली की काहीतरी ढवळल्यासारखं दिसतं. काकवीत पाणी ओतून चमचा फिरवावा आणि दोन्ही अजून एकजीव व्हायचे असावेत, तशा लाटा. मधूनमधून गोलसर कडांचे बारीक स्फटिक. ही हेसोनाईटची ओळख आहे, आणि गोमेदाच्या नावानं येणारी काच किंवा स्फटिकवर्गातला सिट्रीन यांत ती मिळत नाही. ग२ च्या आत लाटा नव्हत्या. होते ते द्रवाच्या थेंबांचे नागमोडी, फाटक्या पदरासारखे पडदे.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी, त्यावर थर्माकोलचा नखाएवढा तुकडा, तुकड्यावर खडा. पाण्यावर घर्षण जवळजवळ नसतं, म्हणून अगदी क्षीण ओढही दिसते. शेंगदाण्याएवढा निओडिमियम चुंबक बाजूनं जवळ आणायचा, स्पर्श करायचा नाही. ग१ ठेवला. तराफा थोडा विचार केल्यासारखा थांबला, मग सावकाश, अगदी सावकाश सरकला. त्याच्यात लोह थोडंच आहे. ग२ ठेवला. चुंबक दोन बोटांवर असतानाच तराफा निघाला आणि डब्याच्या कडेला येऊन टेकला. भावानं चुंबक माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तीन वेळा करून पाहिलं. मग ताईंनी ल१ ठेवायला सांगितला. कृत्रिम माणिक जागचं हललं नाही. ल५ मात्र ग२ सारखाच धावला. लोह आणि मँगनीज जिथे जास्त तिथे ओढ जास्त, हे त्या डब्यात कुठल्याही कोष्टकापेक्षा स्पष्ट दिसतं. ही चाचणी एकटी नाव सांगत नाही. पण दोन सारख्या रंगाचे खडे वेगळे करायला हिच्याइतकं स्वस्त साधन माझ्या टेबलावर दुसरं नाही.

स्पेसर्टाईनबद्दल थोडं विषयांतर. नाव जर्मनीतल्या श्पेसार्ट प्रदेशावरून आलं, पण आपल्या घरातही हे खनिज आहे. पुण्याच्या दख्खनी बेसॉल्टात गार्नेट शोधून उपयोग नाही, इथल्या खाणींत सापडतात ती झिओलाइटं. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात मात्र स्पेसर्टाईन आणि क्वार्ट्झ यांचा एक खडक आहे. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी त्याला गोंड लोकांवरून ‘गोंडाईट’ नाव दिलं आणि भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आजही टिकून आहे. त्यातले दाणे बहुधा बारीक असतात. ग२ तिथला असेल असं मी म्हणत नाही. पण मँगनीजचं गार्नेट हे काही परदेशी अपूर्वाईचं खनिज नव्हे, एवढं भावाला सांगावंसं वाटलं.

“मग हा गोमेद नाही?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“घराणं तेच. पण ज्याला परंपरेनं गोमेद म्हणतात तो पहिला, काकवीच्या रंगाचा. हा दुसरा त्याचा चुलत भाऊ. आणि एक सांगते, चांगल्या रंगाचा स्पेसर्टाईन बाजारात गोमेदापेक्षा महाग असतो. बाबांच्या पुडीत कमी दर्जाचं काही आलेलं नाही.” अंगठीत कुठला घालायचा, हे मी सांगितलं नाही. ते ज्योतिषांना विचारायचं. माझं काम त्यांच्यापुढे बरोबर नावाचा खडा जाईल एवढं पाहणं.

काय ठरलं

रोडोलाईटांपैकी ल३ सगळ्यांत उजळ, तो नथीला. ल२ आणि ल४ कुड्यांना. अपवर्तनांकात सहा-हजारांशाचा फरक असला तरी कानांत तो कुणालाही दिसणार नाही. ग१ ची अंगठी. ग२ तसाच ठेवायचं भावानं ठरवलं. ल५ आणि ल६ परत डबीत. ल१ बद्दल ताई म्हणाल्या, “कृत्रिम का असेना, बाबांनी माणिक म्हणून सांभाळलं. ते माझ्याकडे राहू दे.”

जाताना त्यांना दोन सूचना दिल्या, सोनाराला सांगायच्या. गार्नेटला अचानक उष्णता सोसत नाही. झाळकाम असेल तर खडे आधी काढा, आणि गरम दागिना गार पाण्यात बुडवू नका, खडा तडकतो. आणि कठिणपणा बघायला म्हणून कुणालाही त्यावर कानस चालवू देऊ नका. गार्नेटची कठिणता साडेसहा ते साडेसातच्या घरात असते आणि पैलूची धार एकदा गेली की पुन्हा घासूनच येते.

आठ नव्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर खूण, नाव, वजन आणि दोन आकडे लिहिले. जुनी पुडी ताईंनी चार घड्या करून पर्समध्ये ठेवली. ल६ मी भावाच्या परवानगीनं आणखी आठवडाभर ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या संपर्कद्रवावर पुन्हा वाचला. १.७६८. नाव आहे तेच ठेवलं.